रामाजीची बहीण

रामाजीला बहीण नव्हती. हे आधीच नोंदवलेले बरे. कारण १९५७ सालच्या ज्येष्ठात वडनेरच्या एका घरातल्या झाडून साऱ्या माणसांची अशी पक्की समजूत होती, की पुलगावकडच्या रामाजी फाटकवाल्याला एक धाकटी बहीण आहे, ती त्याच्याचजवळ राहते, तिला अधूनमधून दमा लागतो आणि मेथांबा करावा तर तिनेच.

ही बहीण जन्माला आली ती आदल्या वर्षी, नातीचे लग्न ठरताना. मुलाचे वडील वासुदेवराव पान लावता लावता म्हणाले, "घरात बाईमाणूस कोण हाय?" रामाजीची बायको जाऊन पंचवीस वर्षे झाली होती, एकुलती एक मुलगी जिजा जाऊन सतरा. जिजाच्या नवऱ्याने वर्षाच्या आत दुसरे लग्न केले, आणि तिची पोर सुलोचना रामाजीने एकट्याने वाढवली, रुळाकाठच्या एका खोलीच्या चौकीत. बाईमाणसाशिवाय वाढलेली पोर म्हटली की पाहुणे पुढचे बोलणे गुंडाळतात, हा अनुभव त्याने दोनदा घेतलेला होता. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बहीण असते माह्याजवळ." तीनच शब्द. लग्नात ही बहीण आजारी पडली. त्यानंतर तिला वाढवण्याचे काम खुद्द सुलोचनाने केले. सासरी कुणी विचारले की ती खुशाल सांगे: आजीचा दमा, आजीचा मेथांबा, आजी रागावली की चुलीशी बोलते. थाप कुठे थांबवावी हे आजा-नात दोघांनाही उमगले नाही.

रामाजी आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या फाटकावर होता. नोकरीच्या कागदात त्याचे जन्मसाल १८९९ आहे. मतदारयादी त्याला आणखी पाच वर्षांनी थोर करते. तो स्वतः एवढेच सांगे, की मोठ्या दुष्काळात मी रांगत होतो. गाडी दिवसातून चारदा जाई. त्या चार वेळा सोडल्या तर तो शांत माणूस म्हणून ओळखला जाई, असे त्याच्याबरोबरचे लोक सांगत. मात्र त्या वैशाखात त्याला शांत पाहिल्याचे कुणालाच आठवत नाही.

कारण वैशाखात दोन कार्डे आली. पहिले सुलोचनाचे. "आबाजी, सातव्या महिन्यात ओटी भरणार आहेत. तुम्ही याच. पहिले बाळंतपण माहेरी असते. मला घेऊन जा. इथे मन लागत नाही." दुसरे वासुदेवरावांचे. सून पाठवायला आमची ना नाही. पण घरच्या मंडळींचे म्हणणे, की बाळंतपण करणारी बाई आधी डोळ्यांनी पाहू. तेव्हा ओटीला बहिणीला घेऊनच यावे. पाहून ठरवू.

रामाजीने दोन्ही कार्डे चौकीतल्या कंदिलामागे खोचली. दिवसातून तीनदा तो ती काढी, वाची, परत खोची. फाटकाची साखळी नीट लागली आहे का हे पाहायला तो अर्ध्या जेवणातून उठू लागला.

गँगमन चिंधूची बायको तानाबाई शेजारच्याच चाळीत राहत होती; वडनेरच्या कुणीही तिला पाहिलेले नव्हते. एके सकाळी रामाजी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तानाबाई, एक दिवस माही बहीण होतं का?"

"एकच दिवस काऊन? राखी बांधतो ना आजपासून," ती सूप पाखडता पाखडता म्हणाली.

त्याने सारे सांगितले. भावाजवळ राहणारी बहीण म्हणजे विधवाच असणार, असा त्याचा हिशेब होता. म्हणून तेवढ्या दिवसापुरते कुंकू आणि बांगड्या... एवढे ऐकल्याबरोबर तानाबाईने सूप खाली ठेवले.

"माह्या नवऱ्याले जितेपणी मारता काय, रामाजीभाऊ? मी कुंकू पुसून वडनेरले जाऊ, अन् इकडे त्यायले रुळावर काही झालं म्हंजे?"

"मले काय होते?" चिंधू आतून म्हणाला. "दिवसभर मोकळा राहीन."

"तुमी चूप बसा." मग तिनेच तोड काढली. "मले टाकलेली करा. नवरा दुसरीच्या नादानं बल्लारशाच्या खाणीवर पयाला, असं सांगू. कुंकूही राह्यते अन् भावाचं घरही राह्यते."

"कशी हाय ते दुसरी?" चिंधूने विचारले.

"तुमच्यासारखीच. कामाची नाई."

ठरल्या दिवशी रामाजीने बदलीचा माणूस फाटकावर ठेवला. चिंधूने स्टेशनावर येऊन दोघांना वर्ध्याच्या गाडीत बसवून दिले. वर्ध्याहून हिंगणघाट, आणि तिथून वडनेरची सर्व्हिस मोटार. उन्हाने मोटारीचा पत्रा तापला होता. रामाजीच्या मांडीवर ओटीचे गाठोडे होते: हिरवे पातळ, खण, नारळ, गहू, हळकुंडे. मेथांब्याची बरणी तानाबाईच्या हातात होती. तो तिने खरोखरच स्वतः केला होता आणि त्याबद्दल तिला कसलीही चिंता नव्हती.

"दमा विसरू नोको," रामाजी म्हणाला.

तानाबाईने तिथल्या तिथे असा दमा काढून दाखवला, की पुढच्या बाकावरच्या माणसाने उठून तिला खिडकीची जागा दिली. "पाह्यलं?" ती कुजबुजली. "तुमी बसा ना सुखानं. काऊन सारखे उठून राह्यले?"

रामाजी उठत होता हे खरे. दोनदा त्याने टपावरच्या सामानाची चौकशी केली. टपावर त्याचे काहीच नव्हते. तानाबाईला वाटत होते, तो थापेला भितो आहे. थापेला तो भीतच होता. पण थाप चालली तर काय, ही भीती त्याहून मोठी होती, आणि ती त्याने अठरा वर्षांत कुणालाही सांगितलेली नव्हती.

जिजा तापाने गेली, असे तो सर्वांना सांगत आला होता, सुलोचनालाही. जिजा तापाने गेली नव्हती. पहिल्या बाळंतपणाला ती त्याच चौकीत आली होती. घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. दुपारी चारच्या सुमारास कळा सुरू झाल्या. सुईण नाचणगावला, एक कोसावर. आणि संध्याकाळची गाडी यायची होती. फाटक उघडे टाकून जाता येईना. रस्त्यावर त्या दिवशी बाजाराच्या गाड्या होत्या. रामाजी हिरवे निशाण हातात घेऊन उभा राहिला. गाडी अकरा मिनिटे उशिरा आली, असे त्याच्या मनात पक्के होते. स्टेशनातल्या वहीत तो उशीर चारच मिनिटांचा आहे. पण ती वही फाटकापाशी ठेवलेली नव्हती. गाडी गेल्यावर तो धावला. सुईणीला घेऊन परतला तेव्हा पोर जन्मली होती आणि जिजाचे रक्त थांबत नव्हते. सुईण नंतर म्हणाली, आधी आली असते तरी हेच झाले असते. तसे ती दुसऱ्याही घरांत म्हणाली असेल. रामाजीला तिचे म्हणणे कधी खरे वाटले नाही आणि कधी पुरते खोटेही ठरवता आले नाही.

आणि आता त्याच चौकीत, त्याच खाटेवर, तो सुलोचनाला न्यायला निघाला होता. पोरीने बोलावले म्हणून.

वडनेरच्या घरापुढे मांडव होता. वासुदेवराव पुढे आले, "या ईवाई, या!" त्या भागात व्याह्याला ईवाई म्हणतात. त्यांनी रामाजीला दारालगतच्या छपरीत गादीवर बसवले आणि गूळपाणी मागवले. रामाजीने हात जोडले.

"नाई जी. पोरीच्या मांडीवर लेकरू खेळेपर्यंत पोरीच्या घरचं पाणी नाई घेत आमी."

"अजून कोन्या जमान्यात हाव बाप्पा तुमी? या उन्हात पाण्याशिवाय बसान तं लेकरू पाहाले राहान का?"

रामाजीने पिशवीतून स्वतःचा तांब्या काढून दाखवला. वासुदेवराव हसत उठून गेले. आत तानाबाईचे स्वागत चालले होते. दारातून त्याला सुलोचना दिसली: हिरव्या पातळात, केसांत मोगरा, डोळ्यांखाली काळे. तिने तानाबाईला ओळखले आणि पदराने तोंड झाकले. लोकांना वाटले, रडली. रामाजीला ठाऊक होते, ती हसू दाबते आहे. मग तिने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत हसू नव्हते. एकच प्रश्न होता, नेता ना?

कमलाबाई, सुलोचनाची सासू, उंच आणि थोडे बोलणारी बाई होती. तिने तानाबाईला जवळ बसवून घेतले आणि विचारपूस सुरू केली. रामाजी छपरीत भिंतीला कान लावल्यासारखा बसला होता.

"किती बाळंतपणं पाह्यली तुमी?"

"दहा-बारा पाह्यली," तानाबाई म्हणाली. हे खरे होते.

"नाळ कायनं कापता?"

"उकळल्या पात्यानं. राखोंडी नाई लावू देत मी."

कमलाबाईने मान हलवली. नवऱ्याचा प्रश्न आला. तानाबाईने बल्लारशाची हकीगत अशा तळतळाटाने सांगितली, की दोन-तीन बायकांनी त्या न पाहिलेल्या दुसरीला शिव्या दिल्या. दमाही वेळेवर आला. मेथांबा बोटाने चाखला गेला आणि वाटी बायकांमध्ये फिरली. "पाठवाले हरकत नाई," असे कमलाबाईचे शब्द रामाजीला स्पष्ट ऐकू आले. तो गादीवरून उठला, मांडवाच्या टोकापर्यंत गेला, परत आला. काम झाले होते.

ओटी सुरू झाली. पाटावर सुलोचना. एकेक सवाष्ण येई, कुंकू लावी, पदरात गहू आणि नारळ घाली, आणि जायच्या आधी तिला नवऱ्याचे नाव घ्यावे लागे. माहेरची म्हणून तानाबाईचा मान पहिला.

"राहू द्या वं तिले," कुणी म्हणाले. "टाकून गेलेल्याचं नाव कायले?"

इथे तानाबाईने नुसती मान खाली घातली असती तरी निभावले असते. पण सगळ्या चाळीत नाव घेण्यात तिचा हात धरणारी बाई नव्हती, आणि भरल्या मांडवात सवाष्णीने नाव न घेता मागे सरायचे, ही गोष्ट तिच्या हातून आयुष्यात घडली नव्हती. शिवाय ओटीत नाव टाळले तर नवऱ्याला अपशकुन होतो, अशी तिची समजूत होती. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली,

"लोखंडाचे रूळ, लाकडाच्या पाट्या, गाडी चालते ऐटीत,
चिंधूरावानं सकाळीच बसवलं मले वर्ध्याच्या गाडीत!"

बायका हसल्या. मग हसणे एका बाजूने थांबत आले.

"अवं, तो तं बल्लारशाले पयाला होता ना?"

"पयाला होता," तानाबाई म्हणाली. "आला वापस."

"कवा?"

"काल."

"काल आला, अन् आज सकाळी गाडीत बसवून बी देल्लं? मोठाच मायाळू निघाला माय!"

पुन्हा हशा उसळला. तानाबाईने दमा काढला, पण तो जरा उशिरा आला. रामाजीला छपरीतून फक्त कमलाबाईचा चेहरा दिसत होता. तो हसत नव्हता. तिने सुलोचनाकडे पाहिले. सुलोचनाने खाली पाहिले. एवढ्यावरून कमलाबाईला जे समजायचे ते समजले असावे. तिने ओटी पुरी होऊ दिली, बायकांना पानावर बसवले आणि मग छपरीत आली.

"ईवाई, ते बाई तुमची कोण?"

"शेजारीण," रामाजी म्हणाला.

"बहीण कोठी हाय?"

"नाई जी. नव्हतीच."

कमलाबाई उंबऱ्यावर बसली. आतून ताटांचा आवाज येत होता. "खोटं लोक बोलतात," ती म्हणाली. "लग्नं तशीच जमतात. आमीही सांगतलं होतं, आमचा पोरगा गुलाब मॅट्रिक पास हाय. तो नापास हाय. पण लेकराच्या जिवाचं खोटं नाई बोलत कोणी. रिकाम्या घरात पोरगी घेऊन जात होते तुमी. काऊन?"

"तिनं बोलावलं म्हून."

"अन् तिची माय? ते खरंच तापानं गेली का?"

हा प्रश्न तिने का विचारला, हे सांगता येत नाही. कदाचित सहज विचारला असेल. रामाजी उठून उभा राहिला, छपरीच्या खांबाला धरून पुन्हा बसला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने ते सांगितले: कळा, सुईण, निशाण, अकरा मिनिटे. सांगताना त्याने जिजाचे नाव एकदाही घेतले नाही, 'पोरगी' म्हणाला.

"सून आता तुमच्यासंगं नाई येत," सांगून झाल्यावर कमलाबाई म्हणाली.

"नाई," रामाजी म्हणाला. छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखे झाले, आणि लगेच त्याची त्याला लाज वाटली.

"पण तिले हे माह्या तोंडून नाई कळणार. तिले वाटन, सासूनं अडवलं. तुमी सांगा."

सुलोचना मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पदरातले गहू तसेच होते. रामाजी दारातच थांबला.

"आबाजी, फसलं ना आपलं?" ती म्हणाली. "तानामावशीले कोणी सांगतलं होतं गाणं म्हणाले! आता मी हट्टच करतो. जेवत नाई म्हणतो. मंग पाठवतेत का नाई पाहा."

"तू नाई येत, सुला. मीच नाई नेत."

तिला आधी ते थट्टेसारखे वाटले. मग त्याने सांगितले. दुसऱ्यांदा सांगणे सोपे गेले नाही. उलट मध्येच गाडीची वेळ त्याला आठवेना, आणि ती आठवल्याशिवाय पुढे जाता येईना. सुलोचना ऐकत राहिली. तिचा हात पदरातल्या गव्हांत होता.

"ताप नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"नाई."

"म्हून संध्याकाळच्या गाडीच्या वक्ती तुमी मले चौकीत एकटं नाई राहू देत होते? झोपली असली तं उठवून कमरेवर घ्यायचे. एका हातात मी, एका हातात निशाण." ती थांबली. "मी समजो, मले गाडी दाखोता."

रामाजी उंबऱ्यावर बसला.

"मले आधीच सांगतलं असतं, तं मी कार्ड टाकलं असतं का? तुमी आले घ्याले, अन् नेलं बी असतं! काऊन? मी म्हणतो म्हून?" तिचा आवाज चढला, जेवणाऱ्या बायका गप्प झाल्या. "जा तुमी. बसा तिकडं."

तो छपरीत येऊन बसला. चारची मोटार परतीची शेवटची होती. तानाबाई रिकामी बरणी पोटाशी धरून कोपऱ्यात उभी होती. "माह्या तोंडाले आग लागो," ती एवढेच म्हणाली. रामाजी दोनदा आतल्या दारापर्यंत गेला आणि दोनदा परतला. वासुदेवराव मोटार आल्याचे सांगायला आले, तेव्हा कमलाबाई बाहेर आली.

"निरोप हाय तुमच्यासाठी," ती म्हणाली. "सुलोचना म्हणते, आबाजीले सांगा, दिवस भरायच्या आठ दिवस आधी इथं यायचं. या छपरीत बसायचं. बाहेर गाडी येवो नाई तं मोटार येवो, मी मोकळी होईपर्यंत इथून हालायचं नाई."

"पोरीच्या घरी? आठ दिवस?"

"पाणी तुमचं तुमी घेऊन या," कमलाबाई म्हणाली. "विहीर शेजाऱ्याची हाय, आमची नाई. सैपाकाची खोली मी देतो."

"दिवस कधीचे हायेत?"

"पोळ्याच्या मांगं-पुढं."

रामाजीने बोटांवर महिने मोजले आणि हात जोडले. सुलोचना बाहेर आली नाही.

मोटारीत बसल्याबरोबर त्याने ड्रायव्हरला विचारले, हिंगणघाटहून सकाळची मोटार किती वाजता सुटते. ड्रायव्हरने सांगितले. वर्ध्याहून येणाऱ्या गाडीला ती सापडते का? सापडते, गाडी वेळेवर असली तर. वाटेत नाला लागतो, त्याला पोळ्याच्या दिवसांत पाणी असते का?

"असते ना. पूर आला तं मोटार अल्याडच राह्यते."

"किती वेळ?"

"ते नाल्याले विचारा बाप्पा. मागच्या साली तीन दिवस होती."

मोटार सुरू झाली. धूर सुटला, तानाबाईने पदर तोंडाला लावला. मोटार गावाबाहेरच्या वळणापर्यंत गेली असेल, तोच तो उठून उभा राहिला.

"थांबवा!"

"अवो, काय राह्यलं आता?" तानाबाई घाबरली. ड्रायव्हरने करकचून थांबवले आणि मागे वळून पाहिले. रामाजी तोपर्यंत पायरीवरून खाली उतरला होता.

"मोटार थांबत नाई हो म्हातारबुवा! शेवटली हाय!"

"दोन मिनिटं," रामाजी म्हणाला आणि धुळीतून मांडवाच्या दिशेने निघाला. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. तो वळला नाही. दारात कमलाबाई तांदूळ-कुंकवाचे ताट आत नेत होती. त्याला धापा लागल्या होत्या.

"तिले सांगा," तो म्हणाला, "आठ दिवस नाई. मी पंधरा दिवस आधी येतो."